घरच्या लॅपटॉपवरचा अँटिव्हायरस बदलायचा आहे, जुना नीट कसा काढावा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

सांगलीला बाबांकडे एक लॅपटॉप आहे. विंडोज ११, रॅम ८ जीबी. बाबा निवृत्त आहेत, पण लॅपटॉप रोज उघडतात: नेट बँकिंग, वीजबिल, पतसंस्थेची पत्रं, नातवंडांचे फोटो. शिवाय त्यांचा पेन ड्राईव्ह झेरॉक्सच्या दुकानात सारखा जात-येत असतो.

लॅपटॉपवर एक विकत घेतलेला अँटिव्हायरस आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण मला कंपनीबद्दल तक्रार मांडायची नाही, मार्ग हवा आहे. लायसन्स पुढच्या महिन्यात संपतंय. नूतनीकरणाच्या सूचना दिवसभर स्क्रीनवर येत राहतात, त्यातली खरी कुठली आणि जाहिरात कुठली हे बाबांना कळत नाही. लॅपटॉप सुरू केल्यावर बराच वेळ हलतही नाही. म्हणून अँटिव्हायरस बदलायचा असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

आता प्रश्न. जुना तसाच ठेवून नवा टाकला तर चालतं का? आधी जुना काढला तर मधल्या वेळेत लॅपटॉप उघडा पडतो का? जुन्याचे उरलेले दिवस वाया जातात का? आणि विंडोजसोबत येणारा डिफेंडर पुरेसा असेल तर विकतचा घ्यावाच का? मी पुण्यात असतो. शनिवार-रविवार सांगलीला जाणार आहे, तेव्हाच हे काम उरकायचं आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

निळीशाई

कृष्णाकाठ, नवा कुठला घ्यायचा यावर इथे भरपूर मतं येतील. माझ्या मते त्याहून महत्त्वाचं काम जुना मुळासकट काढण्याचं आहे. बदलताना होणारा बहुतेक त्रास जुन्याच्या उरलेल्या तुकड्यांमुळे होतो. नव्याचा त्यात दोष नसतो. म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. अँटिव्हायरस हा वर्ड किंवा क्रोमसारखा साधा प्रोग्रॅम नसतो. तो विंडोजच्या अगदी आतल्या थरात, कर्नलमध्ये, स्वतःचा ड्रायव्हर बसवतो. तुम्ही कुठलीही फाईल उघडलीत की ती मागणी आधी त्या ड्रायव्हरकडे जाते, तो फाईल तपासतो आणि मग पुढे सोडतो. दोन असले की एकाने तपासायला उघडलेली फाईल दुसराही तपासतो. एकाने संशयित फाईल बाजूला टाकली की दुसऱ्याला तीच हालचाल संशयास्पद वाटू शकते. हार्ड डिस्क सतत खडखडत राहते आणि कधी कधी विंडोजच थेट कोसळतं. या थरात चूक झाली की काय होतं ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राईक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, विमानतळांवर रांगा लागल्या. घरातल्या लॅपटॉपवरही हा ड्रायव्हर त्याच थरात असतो.

मधल्या वेळेची काळजी करू नका. विंडोज ८ पासून डिफेंडर विंडोजमध्येच आहे. दुसरा अँटिव्हायरस बसला की तो विंडोजकडे स्वतःची नोंद करतो आणि डिफेंडर मागे सरकतो. तो काढला की डिफेंडर आपोआप पुन्हा उभा राहतो. फक्त तो खरंच उभा राहिला का हे डोळ्यांनी बघा.

क्रम असा ठेवा. पुण्याहून निघण्यापूर्वीच नव्या अँटिव्हायरसचा इन्स्टॉलर आणि जुन्या कंपनीचं 'रिमूव्हल टूल' त्यांच्या अधिकृत साईटवरून पेन ड्राईव्हवर घ्या. रिमूव्हल टूल हे वेगळं, छोटं, फुकट हत्यार असतं. मॅकॅफीचं आहे, नॉर्टनचं आहे, अवास्टचं आहे, कॅस्परस्कीचं आहे, ईसेटचंही आहे. तुमच्याकडच्या कंपनीच्या मदत विभागात शोधा, नाही मिळालं तर त्यांच्या हेल्पलाईनला विचारा. गूगलवर शोधताना वर 'प्रायोजित' लिहून येणाऱ्या दुव्यांवर अजिबात जाऊ नका.

सांगलीला पोचल्यावर आधी बाबांचे फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग जुना अँटिव्हायरस सेटिंग्जमधल्या 'अ‍ॅप्स'मधून अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा, त्यानंतर सेफ मोडमध्ये (म्हणजे विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरांवर सुरू करून) रिमूव्हल टूल चालवा, पुन्हा रीस्टार्ट. डिफेंडर चालू दिसला की मगच नवा टाका, अपडेट करा आणि एकदा पूर्ण स्कॅन लावून द्या. पूर्ण स्कॅनला वेळ लागतो, रात्री लावा.

सेफ मोडबद्दल एक सावधगिरी. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्याच कुलपाने, आपोआप एन्क्रिप्ट केलेली असते, घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. सेफ मोडमध्ये जाताना लॅपटॉप अचानक ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की मागू शकतो. ती की बाबांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. तिथून ती आधीच कागदावर उतरवून घ्या. हे आधी केलं नाही तर ऐन वेळी खात्याचा पासवर्ड आठवत बसावं लागतं.

पेठकर

निळीशाईताईंनी छान लिहिलंय. मी वेगळ्या बाजूने थोडं लिहितो, कारण महाराष्ट्रात हा विषय निघाला की क्विक हीलचं नाव येणारच.

ही पुण्याची कंपनी. कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. आधी कॅल्क्युलेटर, रेडिओ अशी यंत्रं दुरुस्त करायचे, मग संगणकांच्या दुरुस्तीत आले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडायचे. धाकटे भाऊ संजय काटकर संगणकाचं शिक्षण घेत होते, त्यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिले. त्यातून नव्वदच्या दशकात क्विक हील उभं राहिलं आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. नेट प्रोटेक्टर हेही पुण्याचंच. ईस्कॅन मुंबईचं, के-सेव्हन चेन्नईचं. मला या गोष्टीचा मनापासून अभिमान आहे. फ्लॉपीच्या काळात आपल्याकडच्या मशीनना लागणारे व्हायरस आपल्याकडच्या माणसांनी ओळखले.

अभिमान बाजूला ठेवला तरी व्यवहारातही याला महत्त्व आहे. तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे यांचे बॉक्स मिळतात, अडलं तर तो घरी येतो, फोनवर मराठीत बोलता येतं. सत्तरीच्या माणसासाठी ही सोय प्रयोगशाळेतल्या एखाद्या टक्क्याच्या फरकापेक्षा मोठी. तेव्हा बाबांना मदत लागली तर सांगलीत कोण येईल, हे नवा निवडताना आधी ठरवा.

आणि हो, लायसन्सबद्दल. काही कंपन्यांत लायसन्स त्या संगणकाला जोडलेलं असतं. उरलेले दिवस दुसऱ्या मशीनवर वापरायचे असतील तर अनइन्स्टॉल करताना इंटरनेट चालू ठेवा, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर ते लायसन्स मोकळं होतं. प्रॉडक्ट की आधी लिहून ठेवा.

बागेश्री

हे सगळं वाचून मला एक शंका. आमच्याकडे अनइन्स्टॉल करायला गेलं की एक खिडकी येते आणि दोन पर्याय विचारते: सगळं काढा, किंवा प्रोग्रॅम काढा पण डेफिनिशन फाईल्स (व्हायरसच्या ओळखखुणांच्या याद्या) ठेवा. दुसरा पर्याय सुरक्षित वाटतो. कुठला निवडायचा?

निळीशाई

बागेश्री, तोच अँटिव्हायरस पुन्हा टाकायचा असेल तर दुसरा, म्हणजे अपडेट पुन्हा डाउनलोड करावे लागत नाहीत. कंपनी बदलायची असेल तर पहिलाच. जुन्या डेफिनिशन नव्या अँटिव्हायरसच्या काहीही कामाच्या नसतात.

काही ठिकाणी अनइन्स्टॉलला पासवर्डही लागतो. तो बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाने लावलेला असतो आणि घरच्यांना माहीत नसतो. कृष्णाकाठ, बाबांना आत्ताच विचारून घ्या.

लेखापाल

मी करसल्लागार आहे. माझ्या अशिलांच्या मशीनवर अँटिव्हायरस बदलताना एका गोष्टीवर हमखास घोळ होतो, म्हणून ती लिहितो. जुना काढण्याआधी तो उघडून बघा. त्याच्या आत काय काय अडकलंय ते पाहा.

पहिलं, क्वारंटाईन. अँटिव्हायरसने संशयावरून बाजूला टाकलेल्या फाईल्स तिथे असतात, आणि त्या त्याच्या स्वतःच्या स्वरूपात बंद केलेल्या असतात. प्रोग्रॅम गेला की त्या परत मिळण्याची आशा सोडायची. आमच्याकडे कधी डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर, कधी विवरणपत्राची एखादी युटिलिटी तिथे जाऊन बसलेली असते. अँटिव्हायरसकडून अशी चूक होते हे काही गुपित नाही. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक अत्यावश्यक फाईल व्हायरस ठरवली आणि जगभरची ऑफिसं ठप्प झाली.

दुसरं, तपासणीतून वगळलेल्या फोल्डरांची यादी. टॅलीचा डेटा फोल्डर कुणीतरी कधीतरी त्या यादीत घातलेला असतो. नव्यात ती आपोआप येत नाही. यादीचा फोटो काढून घ्या. मात्र ती डोळे झाकून नव्यात भरू नका. कुणीतरी पूर्ण सी ड्राईव्ह वगळून ठेवल्याचंही मी पाहिलंय.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: व्हॉल्ट. काही मोठ्या पॅकेजमध्ये पासवर्ड मॅनेजर असतो, कागदपत्रं कुलपात ठेवायची तिजोरी असते. बँकेचे पासवर्ड, पॅन, आधारची प्रत तिथे ठेवलेली असेल तर आधी बाहेर काढा. अनइन्स्टॉल झाल्यावर ती तिजोरी उघडायला दुसरं काही नसतं.

सह्यवारा

पैसे देऊन घ्यायची गरजच काय? अवास्ट, एव्हीजी, अविरा अशी नावाजलेली फुकट अँटिव्हायरस आहेत. एक नाही आवडलं तर दुसरं.

निळीशाई

सह्यवारा, या विषयावर थोडं थांबू या, कारण 'एक सोडून दुसरं' असं वाटतं तिथे बऱ्याचदा मालक तोच असतो. एव्हीजी २०१६ मध्ये अवास्टने घेतलं. अविरा नॉर्टनवाल्यांनी घेतलं. मग २०२२ मध्ये नॉर्टनची कंपनी आणि अवास्ट एकत्र आल्या आणि जेन डिजिटल नावाची कंपनी झाली. म्हणजे नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी, अविरा ही चारही नावं आज एकाच घरची आहेत. तुम्ही अवास्टवर नाराज होऊन एव्हीजीकडे गेलात तर कंपनी बदललीच नाही.

फुकटच्या वस्तूची किंमत कुठून वसूल होते तेही बघायला हवं. अवास्टची जंपशॉट नावाची उपकंपनी होती. वापरणाऱ्यांनी कुठकुठल्या साईट पाहिल्या याची माहिती ती विकत होती. जानेवारी २०२० मध्ये ते उघडकीस आल्यावर जंपशॉट बंद केली गेली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. जाहिरातीसाठी अशी माहिती विकायलाही बंदी घातली. ज्या प्रोग्रॅमला आपण घरातली प्रत्येक फाईल आणि प्रत्येक साईट बघायची मुभा देतो, त्याच्याकडून हे होणं मला फार गंभीर वाटतं.

फुकटचंच हवं असेल तर डिफेंडर आधीच तिथे आहे. त्याच्यावर आणखी एक फुकट थर चढवण्यात मला अर्थ दिसत नाही.

न्यूजर्सीकर

अमेरिकेतला एक अनुभव इथे उपयोगी पडेल. इथे २०२४ मध्ये लाखो लोकांना अँटिव्हायरस बदलावा लागला, तोही स्वतःच्या इच्छेने नाही.

२० जून २०२४ ला इथल्या वाणिज्य खात्याने कॅस्परस्कीवर बंदी जाहीर केली. कंपनी रशियन, म्हणून राष्ट्रीय सुरक्षेचं कारण दिलं. २० जुलैपासून नवी विक्री बंद, २९ सप्टेंबरपासून अपडेटही बंद. अपडेट नसलेला अँटिव्हायरस ठेवून उपयोग नाही, म्हणजे सोडणं भागच होतं. कंपनीने आपले इथले ग्राहक पँगो गटाच्या अल्ट्राएव्हीकडे सोपवले. ग्राहकांना ईमेल गेल्या होत्या. पण सप्टेंबरमध्ये अनेकांच्या संगणकावरून कॅस्परस्की आपोआप निघालं आणि अल्ट्राएव्ही आपोआप बसलं. लोकांनी सकाळी मशीन उघडलं तर कधी न ऐकलेल्या नावाचा अँटिव्हायरस समोर. काहींना तर तोच व्हायरस वाटला.

तांत्रिकदृष्ट्या कॅस्परस्की चाचण्यांमध्ये कायम वरच्या पायरीवर असे, हे इथेही सगळे मान्य करतात. भारतात अशी बंदी नाही. पण यातून मी एक गोष्ट घेतली: अँटिव्हायरसला आपण जो अधिकार देतो त्यात दुसरा प्रोग्रॅम न विचारता बसवण्याचाही अधिकार असतो. इथल्या मराठी मंडळातले ज्येष्ठ मला विचारतात तेव्हा मी त्यांना आधी डिफेंडरवर आणून सोडतो आणि मग शांतपणे ठरवायला सांगतो. घाईने दुसरा निवडायचं कारण नसतं.

पेठकर

डिफेंडर, डिफेंडर बरंच ऐकलं. माझं मत वेगळं आहे आणि ते मी ठामपणे मांडतो. शहरात चोवीस तास इंटरनेट असणाऱ्याला तो पुरेल. पण कृष्णाकाठ यांनी काय लिहिलंय ते बघा: पेन ड्राईव्ह झेरॉक्सच्या दुकानात जातो आणि परत येतो. धोका तिथून आहे. आपल्याकडच्या विकतच्या अँटिव्हायरसमध्ये पेन ड्राईव्ह लावल्या लावल्या स्कॅन करण्याची सोय असते. डिफेंडर काही विचारत नाही.

निळीशाई

पेठकरकाका, मुद्दा रास्त आहे. डिफेंडर पेन ड्राईव्ह लावल्यावर स्कॅनची खिडकी दाखवत नाही. त्यावरची फाईल उघडताना मात्र तपासतो. इंटरनेट बंद असताना त्याची पकड कमी होते हेही खरं. त्याची बरीच ताकद मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर आहे, आणि ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्हजच्या चाचण्यांत ऑफलाईन ओळखण्यात तो इतरांच्या मागे दिसतो. जर्मनीच्या एव्ही-टेस्टच्या चाचण्यांत, जिथे इंटरनेट चालू असतं, तो गेली काही वर्षं वरच्या गटात आहे.

पण पेन ड्राईव्हचा व्हायरस नेमका कसा शिरतो हे बाबांना समजावून सांगितलं तर अर्धं काम होईल. पूर्वी पेन ड्राईव्ह लावला की ऑटोरनने प्रोग्रॅम आपोआप चालू व्हायचा. विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बंद केलं, २०११ मध्ये जुन्या विंडोजवरही. तेव्हापासून व्हायरसवाल्यांना माणसाचा हात लागतो. म्हणून ते तुमचे फोल्डर लपवतात आणि त्याच नावाचे शॉर्टकट तिथे ठेवतात. चिन्ह फोल्डरचंच, पण डाव्या कोपऱ्यात छोटा बाण. आपण 'पतसंस्था' नावाच्या फोल्डरवर डबल क्लिक करतो, फोल्डर उघडतोसुद्धा, आणि मागे व्हायरस चालू होतो.

बाबांना एवढंच शिकवा: दुकानातून आणलेल्या पेन ड्राईव्हवर फोल्डरला बाण दिसला की हात लावायचा नाही. ड्राईव्हवर राईट क्लिक करून डिफेंडरने स्कॅन करायचा. फाईल्स गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात, त्या नंतर परत दिसू शकतात. त्याहून सोपं म्हणजे झेरॉक्सवाल्याला पीडीएफ मोबाईलवरून पाठवायची आणि पेन ड्राईव्ह घरीच ठेवायचा.

बागेश्री

बाणाची खूण माहीतच नव्हती. आत्ता आईच्या पेन ड्राईव्हवर बघितलं, सुदैवाने काही नाही. तिलाही दाखवली.

पेठकर

पीडीएफ मोबाईलवरून पाठवणं मान्य. तरीही ज्याच्या घरी इंटरनेट सारखं जातं त्याला मी विकतचाच सांगेन.

निळीशाई

तिथे मीही तेच सांगेन.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगलीहून लिहितोय. काम झालं, पण एका ठिकाणी बराच वेळ अडकलो होतो, ते सविस्तर लिहितो म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

आधी फोटो बाहेरच्या डिस्कवर घेतले. लेखापाल यांनी सांगितल्याप्रमाणे जुना अँटिव्हायरस उघडून पाहिला. व्हॉल्टमध्ये बाबांनी घराच्या सातबाराची आणि मृत्युपत्राच्या मसुद्याची प्रत ठेवली होती. ते स्वतःही विसरले होते. लेखापाल, तुमचे विशेष आभार. बिटलॉकरची की मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवली.

मग अनइन्स्टॉल, रीस्टार्ट. अ‍ॅप्सच्या यादीतून नाव गेलं. पण विंडोज सिक्युरिटी उघडलं तर डिफेंडर बंद, आणि जुना अँटिव्हायरसच राखण करतोय असं लिहिलेलं. सेटिंग्जमध्ये 'मॅनेज प्रोव्हायडर्स' आहे, तिथेही त्याचंच नाव. प्रोग्रॅम नाही, पण नोंद आहे, म्हणजे प्रत्यक्षात त्या क्षणी लॅपटॉपवर पहारा कुणाचाच नव्हता. शिवाय 'डिव्हाईस सिक्युरिटी'मध्ये मेमरी इंटिग्रिटी (कर्नलचं रक्षण करणारी सोय) चालू होईना, विसंगत ड्रायव्हर आहे म्हणून. यावर काय करायचं ते निळीशाईंना व्यक्तिगत निरोपात विचारलं. त्यांचं उत्तर त्यांनी इथे द्यावं, सगळ्यांना उपयोगी आहे.

निळीशाई

देते. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, राईट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करा. काळ्या खिडकीत एफ, एल, टी, एम, सी ही पाच अक्षरं सलग टाईप करून एंटर दाबा. फाईल तपासणाऱ्या सगळ्या ड्रायव्हरांची यादी येते. प्रत्येकापुढे एक आकडा असतो, तो त्याचा थरातला क्रमांक. अँटिव्हायरससाठी मायक्रोसॉफ्टने ३,२०,००० ते ३,३०,००० च्या मधला पट्टा राखून ठेवलाय. डिफेंडरचा ड्रायव्हर डब्ल्यूडी-फिल्टर नावाने ३,२८,०१० वर दिसतो. त्या पट्ट्यात आणखी एखादं नाव दिसलं आणि ते तुम्ही काढलेल्या कंपनीचं असेल, तर तो ड्रायव्हर अजून जिवंत आहे असं समजा.

यादी फक्त बघायची. तिथून किंवा रजिस्ट्रीतून (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यातून) हाताने काही पुसायचं नाही. चुकीचा ड्रायव्हर काढला तर विंडोज सुरूच होणार नाही. उपाय कंपनीचं रिमूव्हल टूल हाच. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादी आली की ४ दाबा. सेफ मोडमध्ये तो ड्रायव्हर चालू नसतो, म्हणून टूलला तो काढता येतो.

कृष्णाकाठ

तसंच केलं. यादीत दोन ओळी जुन्याच्याच होत्या. टूल चालवून रीस्टार्ट केल्यावर दोन्ही गेल्या, डिफेंडर स्वतःहून चालू झाला, मेमरी इंटिग्रिटीही चालू झाली. लॅपटॉप सुरू व्हायचा वेळ इतका कमी झाला की बाबा म्हणाले, "नवा आणलास का?"

सध्या डिफेंडरवरच ठेवतोय. घरी फायबरचं इंटरनेट आहे, त्यामुळे ऑफलाईनचा प्रश्न फारसा नाही. फाईल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरपासून बचावासाठी 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' चालू केलंय. ते मुळात बंद असतं. चालू केल्यावर प्रिंटरच्या स्कॅनिंग प्रोग्रॅमला 'डॉक्युमेंट्स'मध्ये फाईल ठेवता येईना, त्याला परवानगी दिल्यावर सुरळीत झालं. बाहेरच्या डिस्कवर महिन्यातून एकदा फोटो घ्यायचे आणि नंतर डिस्क काढून कपाटात ठेवायची, हे बाबांनी कबूल केलंय.

लेखापाल

व्हॉल्टमधले कागद बचावले हे ऐकून बरं वाटलं. एक काम उरलंय. लायसन्स ऑनलाईन घेतलं असेल तर ऑटो-रिन्युअल बंद केलंत का? प्रोग्रॅम काढला म्हणून वर्गणी थांबत नाही. कंपनीच्या खात्यात जाऊन ते बंद करा आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे ई-मँडेट (आपोआप रक्कम कापायच्या परवानग्या) असतात तिथूनही रद्द करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याआधी किमान २४ तास सूचना यावी लागते, पण १५,००० रुपयांपर्यंत ओटीपी लागत नाही. सूचनेचा एसएमएस बाबांच्या नजरेतून सुटला की पैसे गेले.

आणि पुढचे काही महिने 'तुमच्या अँटिव्हायरसचं नूतनीकरण झालं, इतके हजार कापले, रद्द करायला या नंबरवर फोन करा' अशा ईमेलपासून सावध. त्या नंबरवर फोन केला की पलीकडचा माणूस एनीडेस्क हे दुरून संगणक चालवायचं अ‍ॅप टाकायला सांगतो आणि स्क्रीन त्याच्या हातात जाते. माझ्या दोन ज्येष्ठ अशिलांना या सापळ्यात पडता पडता वाचवलंय. पैसे गेलेच तर वाट न बघता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन.

कृष्णाकाठ

ई-मँडेट खरंच चालू होतं. आत्ता बाबांसमोर बसून रद्द केलं. १९३० लॅपटॉपच्या कडेला चिकटवून ठेवलाय.

सावली

उशिरा आले धाग्यावर. आमचा डेस्कटॉप जुना आहे, विंडोज १० वरच. विंडोज ११ त्यावर चालत नाही. चांगला विकतचा अँटिव्हायरस घेतला तर विंडोज १० वर राहता येईल का?

निळीशाई

सावली, विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरच्या व्हायरस-यादीचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहेत, त्यामुळे अनेकांना वाटतं की सगळं ठीक आहे. पण विंडोजमध्येच जे भोक सापडतं ते कुठलाही अँटिव्हायरस बुजवू शकत नाही, कितीही महाग असला तरी. त्यासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, घरगुती मशीनसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर पैसे पडत नाहीत. अँटिव्हायरसचे पैसे सध्या वाचवा आणि मशीन बदलण्यासाठी बाजूला ठेवा. तोवर त्या डेस्कटॉपवर बँकेचं काम न केलेलं बरं.

सावली

नोंदणीचा दुवा दिसला, केली. बँकेचं मोबाईलवरच करते आता. शेवटचं एक: डिफेंडर खरंच काम करतोय हे व्हायरस न आणता कसं बघायचं?

निळीशाई

त्यासाठी आयकार नावाची चाचणी-फाईल आहे. अवघी ६८ अक्षरांची साधी मजकूर-फाईल, तिच्यात घातक काही नसतं, पण जगातले जवळपास सगळे अँटिव्हायरस तिला मुद्दाम व्हायरस म्हणून पकडतात. आयकार संस्थेच्याच साईटवरून ती उतरवायचा प्रयत्न करा. ब्राउझरने नाहीतर डिफेंडरने अडवलं आणि विंडोज सिक्युरिटीच्या 'प्रोटेक्शन हिस्ट्री'मध्ये तिची नोंद दिसली, की पहारा चालू आहे. ब्राउझरने आधीच अडवलं तर हिस्ट्रीत नोंद येणार नाही. अशा वेळी तीच फाईल झिप स्वरूपात उतरवून उघडून बघा. ऑफिसच्या संगणकावर मात्र हे करू नका, तिथल्या आयटीवाल्यांकडे धोक्याची सूचना जाते.